सामाईक

उद्यमनगरातल्या आमच्या शेडचं वाटप झालं तेव्हा
पंच म्हणून आलेल्या रावसोमामांनी
फरशीवर खडूनं रेघ मारली.
भट्टी दादाकडं, दोन्ही लेथ माझ्याकडं.
वजनकाट्यावरून तासभर गेला.
ग्राइंडर कुणालाच नको होता, तो भंगारात घातला.
रेघेवर भिंत चढली, चार इंची,
पलीकडं शिंक आली तर इकडं कळते एवढीच.

आता तो ओततो आणि कातायला शिरोलीला पाठवतो.
मी कातायला ओतकाम गोकुळ शिरगावहून आणतो.

ईमेलचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

फर्मच्या नावाचं ते खातं
दादाच्या श्रेणिकनं अकरावीत असताना उघडलेलं,
त्यानंच सगळ्यांच्या फोनला जोडून दिलेलं.
पासवर्ड त्याला ठाऊक, आणि त्याला विचारायचं
म्हणजे भांडण पुन्हा पहिल्या पानापासून.
मग पत्ते राहिले तसेच, सामाईक:
मल्लू पॅटर्नवाला,
इस्माईल टेम्पो,
हुबळी पंप उधारी देऊ नये,
शिरोली कोक, शिरोली कोक दोन, शिरोली कोक खरा नंबर.
मी एक खोडला की त्याच्याकडनं जायचा,
त्यानं एक घातला की माझ्याकडं उगवायचा,
मध्यरात्री, न विचारता.

नाती मात्र असल्या वहीत बसत नाहीत.
मी कधीकाळी घातलेली 'वहिनी'
त्याच्या फोनवर त्याची बायको होऊन वाजायची, नाव तेच.
'आई' तेवढी दोघांनाही चालली.

वाटपानंतर तिसऱ्या दिवशी, रागात,
'दादा' खोडून मी लिहिलं: जिनगोंडा, जुना पार्टनर.
लिहिताना सुचलं नाही
की तोही आपलं नाव तिथंच वाचणार.
दोन दिवसांनी सहज 'बारक्या' शोधला.
ब-खाली कुणी नव्हतं.
मी म-खाली सापडलो:
मेसर्स पायगोंडा चौगुले, जीएसटी नंबरासकट.
पंधराच्या पंधरा आकडे-अक्षरं बरोबर.
कुठनं तरी माझं बिल काढून,
चष्मा लावून,
एकेक बघून घातली असणार.

काल सोमवार, शेडला सुट्टी.
फोन म्हणाला, दुहेरी नोंदी सापडल्यात, एकत्र करायच्या?
इस्माईल तीनदा होता. केला एक.
कोकवाला केला, खरा नंबर ठेवून.
मल्लूचे दोन, त्यातला एक मेलेला.
आणि सगळ्यात खाली ही जोडी:
जिनगोंडा, जुना पार्टनर
मेसर्स पायगोंडा चौगुले
आडनाव एक, पत्ता एक,
आणि दोघांच्याही खाली आण्णांच्या वेळचा लँडलाइन,
सहा आकडी,
ज्याची तार कधीच कुणीतरी तांब्यासाठी कापून नेली.
यंत्राला वाटलं, माणूस एकच आहे,
चुकून दोनदा लिहिलाय.

अंगठा काचेवर धरून बसलो.
एकत्र केल्यावर नाव कुणाचं उरणार
हे ते सांगत नव्हतं.
'नंतर विचारा' दाबलं आणि फोन पालथा घातला.

आज सकाळी इस्माईलच्या नावाखाली,
टीपेच्या रकान्यात, एक ओळ होती. माझी नव्हे.
'अर्ध्या गाडीलाबी पुरं भाडं मागतोय.'
एवढंच.
सही नाही, कुणाला उद्देशून ते नाही.

मी तिच्याखाली टाइप केलं:
'माझे चाळीस पंप आहेत हुबळीचे. गुरुवारी.'

पलीकडं भट्टीचा पंखा चालू झाला होता,
त्यात दुसरं काही ऐकू येईना.
लेथवर जॉब लावला, एक पास घेतला,
बुरादा झटकून फोन उघडला
तर माझ्या ओळीतला गुरुवार गेला होता.
'बुधवारी. सकाळी सहाला. दोऱ्या तुझ्याकडच्या आण.'